सव्वा तासाचं मस्कत

मस्कत
रविवार, १ फेब्रुवारी

संजूताई,

तुला तारीख धरायला सांगितली कोणी? मला एका शब्दाने विचारलंस? सरळ आवाज भरून पाठवलास, "जावळ तेरा तारखेला, शुक्रवारी, सकाळी दहाला. तुला शुक्रवारी सुट्टी असते ना? तीन तासांवर तर आहे म्हणतोस. सकाळी ये, पोराला मांडीवर घे, जेव, आणि संध्याकाळी जा परत." आणि त्यानंतर फोन उचलणं बंद. आज आठ दिवस झाले. दाजींना लावला तर ते हळू आवाजात म्हणाले, "नवनाथ, मला मधी घेऊ नको बाबा, मला याच घरात जेवायचंय." म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो. कागद तुला कट करता येत नाही.

नमस्कार राहिलाच. शाळेत पत्राच्या वरती चार अक्षरं टिंब देऊन लिहायला शिकवायचे, त्यांचा अर्थ मला तेव्हाही कळला नाही. म्हणून साधंच लिहितो. तुझ्या पाया पडतो. दाजींना रामराम, तुझ्या सासूबाईंना, कुसामावशींना दंडवत. रुद्रचा एक गालगुच्चा घे, जोरात नको. माझी तब्येत बरी आहे. अण्णांना सांग, गोळ्या संपायच्या दोन दिवस आधी सांगत जा, संपल्यावर नाही.

आता परत भांडणाकडे येतो.

मी तीन तास म्हणालो ते विमान हवेत असतं तेवढंच. तू त्याची ओझर-पिंपळगाव एसटी करून टाकलीस. सकाळी ये आणि संध्याकाळी जा! तुझा मेसेज मी खोलीत मोठ्याने लावला होता. योगेशला तू ओळखतेस, निफाडचा, आता माझ्याच खोलीत राहतो. त्याने बाकीच्यांना हिंदीत सांगितलं तर सगळे लोळून हसले. बिहारचा एक चाचा आहे, तो म्हणाला, "दीदी से कहो, लौटते में खाना बाँध दें, शाम का हमारा भी हो जाएगा." मीही हसलो. खोटं का सांगू, पहिल्यांदा मीही हसलो.

खरं गणित ऐक. खोलीपासून विमानतळ एक तास. तिथे तीन तास आधी जाऊन उभं राहायचं, नाहीतर घेत नाहीत. मग ते तुझे लाडके पावणेतीन तास. मुंबईत उतरलं की पासपोर्टची रांग, मग बॅगेची वाट बघायची, ती सगळ्यात शेवटी येते, माझीच. मग नाशिकची गाडी, कसाऱ्याच्या घाटात ट्रक आडवा नसेल तर चार-साडेचार तास. मग नाशकातल्या द्वारका चौकातून ओझर फाटा, तिथून तुमचा मळा. झाले ना बारा-तेरा तास? त्यात छोटी गोष्ट म्हणजे सुट्टी. ती दोन वर्षांतून एकदा मिळते. ती तीन तासांत धरू की बारा तासांत, हे तूच सांग.

तुझी चूक नाही म्हणा. मीच तुला तासांची सवय लावली.

तुला आठवत असेल, माझं पहिलं तिकीट आलं तेव्हा मी ते घेऊन थेट तुझ्या ओट्यावर आलो होतो. मुंबईहून निघणार सव्वाचार, मस्कतला पोचणार साडेपाच. मी म्हणालो, "ताई, सव्वा तास! इगतपुरीला जायला याच्यापेक्षा जास्त लागतात!" तू मान्य केलंस. अण्णांनी मान्य केलं. दाजींनी चारचौघांत सांगितलं, माझा मेहुणा सव्वा तासावर राहणार. लखनच्या दुकानात दाढी करायला येणाऱ्या प्रत्येकाला लखनने सांगितलं. मी विमानात बसलो, सव्वा तास झाला, उतरायला म्हणून पट्टा सोडला तर ती बाई धावत आली. खाली बघतो तर नुसता समुद्र. मला वाटलं, रस्ता चुकले की काय. शेजारचा एक म्हातारा होता, त्याने सांगितलं की तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे चालतं. तिकिटावर तिथली वेळ लिहितात. म्हणजे प्रवास पावणेतीन तासांचा, दिसतो सव्वा तासाचा.

ते तुला मी सांगितलं महिन्याभराने. तेव्हा तू म्हणाली होतीस, "म्हणजे जाताना दीड तास मिळतो. मग येताना?" येताना तो परत घेतात, ताई. एकला निघालं की सव्वापाचला पोचतं. तिकिटावर जायला सव्वा तास आणि यायला सव्वाचार तास. मला तर वाटतं तिकीट छापणाऱ्याला आमच्यासारख्यांची माहिती असावी.

तू एकदा रागात म्हणाली होतीस, "लोक विचारलं की गावाचं नाव सांगतात, तू तास सांगतोस." ते बरोबर आहे. नववीला शाळा सोडून निफाडला द्राक्षाच्या पॅकहाउसला लागलो, तेव्हा आई होती. ती म्हणाली रोज येणार का, तर मी म्हणालो, अर्धा तास तर आहे. मग रोज आलो नाही. नाशिक रोडला कुरिअरवाल्याकडे होतो, एक तास. भिवंडीच्या गोदामात, चार तास. प्रत्येक वेळी मला खरंच वाटायचं की एवढ्या जवळ आहोत तर कधीही जाता येईल. आणि कधीही जाता येईल म्हटलं की माणूस आज जात नाही, हे मला तिशीच्या आत कळलं हेच खूप झालं. एका जागी बसलं की माझ्या पायांना मुंग्या येतात. तुझ्या पायांना का येत नाहीत? एकाच आईची ना आपण?

इथलं काम आहे तसंच आहे. मस्कतच्या बाहेर भाजी-फळांचं मोठं मार्केट, त्याच्या कोल्ड स्टोरेजला आम्ही. बाहेर उन्हाळ्यात डांबर वितळतं आणि आम्ही आत माकडटोपी घालून फिरतो. परवा आपल्याकडची द्राक्षं आली, जहाजाने. खोक्यावर निफाड लिहिलेलं. मी ते खोकं खाली ठेवलं, त्याच्यावर बसलो आणि डबा खाल्ला. सुपरवायझर ओरडला, "माल है, कुर्सी नहीं!" उठलो. पण पोळी संपवून उठलो. कांदाही येतो आपला. गोणी फोडली की पूर्ण खोलीला लासलगावचा वास. मल्याळी पोरं नाक धरतात, मी आणि योगेश तिथेच रेंगाळतो.

पाणी आलंय, बादल्या भरून घेतो.

हां. परत बसलो.

लखनने पण मला मेसेज पाठवला. ऐकलास तर पोट धरून हसशील. मी त्याच्या दुकानात सहा महिने काम केलं, पोरांची डोकी धरायचं काम माझं होतं, त्याची त्याला काडीची आठवण नाही. त्याला आठवतं फक्त गेल्या वेळचं. "नव्या, तुझ्या भाच्याच्या जावळाला मी वस्तरा घेऊन आलो होतो, दोन गिऱ्हाइकं सोडून. मळ्यात येऊन बघतो तर मांडव हाय, पोरगं हाय, मामा नाय! मामा मस्कतला! या वेळी तुझ्या नावावर मी हत्यार काढणार नाय. आधी इसार. तुझ्या बहिणीकडून नाय घेणार, तुझ्याकडून घेणार. तुझा पैसा माझ्या हातात पडल्याशिवाय लखन ओझरच्या बाहेर पाऊल टाकायचा नाय."

त्याचं म्हणणं खरं आहे. पहिल्या वर्षी जावळ ठरलं, मांडव घातला आणि माझा व्हिसा आला, लखनला कळवायचं राहूनच गेलं. तू म्हणालीस, जा, नशीब रोज दार वाजवत नाही, आपण तिसऱ्या वर्षी काढू, दुसऱ्या वर्षी चालत नाही. तेव्हा रुद्र दहा महिन्यांचा होता, दात दोनच होते, तेही खालचे. तू मला ओवाळलंस आणि खिशात काहीतरी घातलंस. मी बघितलं नाही. मला घाई होती.

आता त्याचे केस खांद्यावर आलेत. फोटोत तू त्याला रबर लावून शेंडी बांधतेस, मी चिडवलं तर म्हणतेस, बघायला आवडतं. पण दाजींकडून मला सगळं कळतं. बाजारात बायका विचारतात, मुलगी का? कुसामावशी रोज दोनदा म्हणतात, "पोराच्या डोळ्यात केस जात्यात. मामा काय मस्कतहून पायी निघालाय का?" आणि आता म्हणतात, महाशिवरात्रीला पोरगं तीन पूर्ण करतं, मग चौथं लागलं की झालं, नवनाथ नाही तर राकेशला बसवा, तो पण मामाच आहे.

राकेश मामाच आहे. चुलत असला म्हणून काय झालं. नाशिक रोडला प्रेसमध्ये नोकरीला आहे, संध्याकाळी घरी येतो, येताना रुद्रला पेढा आणतो. रुद्र त्याच्या मांडीवर बसून त्याच्या खिशातलं पेन काढतो, तो व्हिडिओ मीच तुझ्याकडून मागून घेतला होता. त्या व्हिडिओत राकेश त्याला म्हणतो, "मामा कुठंय?" तर रुद्र फोनकडे बोट दाखवतो.

ताई, त्याच्या लेखी मामा म्हणजे फोन. फोन वाजला की "मामा वाजला" म्हणतो, असं तूच सांगितलंस. सगळे हसले. मीही हसलो. हल्ली मी लय हसतो, योगेश पण म्हणाला.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. चार पानं झाली तरी त्याच्या भोवतीच फिरतोय.

तू तारीख धरल्याचा मला राग आला तो बारा तासांचा नव्हता. सुट्टीचा पण नव्हता. सुट्टी मला डिसेंबरमध्येच लागू झाली. दोन वर्षं भरली, कंपनी जाण्यायेण्याचं तिकीट देते. मी ते तिकीट घेतलं नाही, त्याचे पैसे घेतले आणि एका एजंटच्या हातात दिले. क्वालालंपूरला कोल्ड स्टोरेजची नोकरी आहे, इथल्यापेक्षा चांगली. इथला राजीनामा पण दिला. बारा फेब्रुवारीचं विमान धरलं होतं, इथून सरळ तिकडे. तू तेरा तारीख धरलीस आणि मला वाटलं, हिला कोणी सांगितलं की काय. कोणी सांगितलं नव्हतं. तू कुठलीही तारीख धरली असतीस तरी मी असाच ओरडलो असतो.

आणि मी तुला काय सांगणार होतो ते पण ऐक, पाठ करून ठेवलं होतं. सांगणार होतो की मुंबईहून क्वालालंपूर पाच तास. आणि तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. म्हणजे तिकडून येताना तिकिटावर अडीचच तास दिसतात! मस्कतहून येताना सव्वाचार दिसायचे, तिथून अडीच. तर ताई, मी जवळच येतोय. असं सांगणार होतो. नकाशा काढून बघितला मी, मस्कत आपल्यापासून दीड हजार किलोमीटर आणि ते साडेतीन हजारांच्या वर. दुपटीच्या पलीकडे जाऊन मी तुला जवळ आलो म्हणणार होतो, आणि तू मानलंही असतंस. हेच मला जास्त लागलं. तू माझे सगळे तास मानतेस.

त्यात दाजींनी एक व्हिडिओ पाठवला. तू पाठवायला सांगितलेलं नसणार, तुला माहीत आहे का तेही मला माहीत नाही, म्हणून लिहितो.

रुद्र खाटेवर आहे. दुपार आहे, मागे कुसामावशी शेंगा फोडतायत. दाजी विचारतात, "काय करतोय रे?" तो म्हणतो, "झोपतो." डोळे मिटतो, अगदी घट्ट, नाक पण वर येतं. मग डोळे उघडून म्हणतो, "एक." परत आडवा होतो, मिटतो, उघडतो, "दोन." परत. "तीन." मग उठून बसतो, केस डोळ्यांवर आलेले ते दोन्ही हातांनी मागे करतो आणि दाराकडे बघून विचारतो, "आला?"

दाजी विचारतात, "कोण आला?" तर म्हणतो, "मामा. आई म्हणली तीन झोपा." कुसामावशी शेंगा फोडायच्या थांबतात. म्हणतात, "संजनानं सांगितलंय त्याला. तीन तास म्हणजे काय विचारीत होतं, तर म्हणाली तीन झोपा." तेवढ्यात वरून ओझरच्या विमानांच्या कारखान्यातलं विमान जातं, ते रोजचंच, आणि हा खाटेवरून उतरून अंगणात पळतो, "मामा, खाली ये! मामा, खाली ये!" व्हिडिओ तिथे संपतो, कारण दाजी त्याच्या मागे धावलेत.

हा मी खोलीत मोठ्याने लावला नाही. एकट्याने बघितला, खोक्यांच्या मागे जाऊन. मग योगेशला दाखवला. तो दोनदा बघून म्हणाला, "क्वालालंपूरचे ताईला तू किती सांगणार?"

मी म्हणालो, "पाच तास."

"आणि पोराला? त्याला किती झोपा सांगशील?"

मी त्याला शिवी दिली. तो म्हणाला, "दे. पण आकडा सांग."

मला आकडा सांगता येईना, ताई. आजपर्यंत कुठल्याही गावाचा आकडा माझ्याकडे तयार असायचा.

दुसऱ्या दिवशी एजंटकडे गेलो. ते पैसे गेले, तो विषय तू काढू नकोस, मीही काढणार नाही. मग मॅनेजरकडे. तो हैदराबादी, तोंडाने कडक. म्हणाला, "पिछले महीने बोला नौकरी छोड़ता हूँ. आज बोलता है, नौकरी भी रखो और छुट्टी भी दो. मियाँ, तेरे को होना क्या?"

मी म्हणालो, "भांजे के बाल काटने हैं."

तो म्हणाला, "क्यों, तुम्हारे गाँव में नाई नहीं है?"

मग त्याला सगळं सांगितलं. आपल्याकडे जावळ काढताना पोराला मामा मांडीवर घेतो, आई घेत नाही, बाप घेत नाही, मामाच. दोन वर्षांपूर्वी घ्यायचं होतं ते राहिलं. आणि राहिलं म्हणून पोराचे केस आता इथपर्यंत आलेत. मी खांद्याला हात लावून दाखवला. त्याने पण आपल्या खांद्याला हात लावून बघितला, का कोण जाणे. मग राजीनाम्याचा कागद ड्रॉवरमधून काढून माझ्यासमोर फाडला आणि म्हणाला, "बारा दिन. बिना पगार. तेरहवें दिन नहीं आया तो तेरे बाल मैं काटूँगा."

तर मी येतोय.

तिकीट काढलं, स्वतःच्या पैशाने. बुधवार, अकरा तारीख. दुपारी एकला निघतं, सव्वापाचला मुंबई. दीड तास जाईल तो जाऊ दे, मी काही मागत नाही. मळ्यात पोचेपर्यंत रुद्र झोपलेला असेल. त्याला उठवू नकोस. सकाळी उठेल तेव्हा मी ओट्यावर असेन, चहा पीत, त्याच्याकडे न बघता. हे मी विचार करून ठरवलंय. पोरं बघितलं की पळतात, नाही बघितलं की जवळ येतात, लखनच्या दुकानात मी एवढं तरी शिकलो. आल्या आल्या "हा बघ मामा, जा मामाकडे" म्हणून त्याला माझ्या अंगावर टाकू नका, कुसामावशींना आधीच सांगून ठेव. त्याने माझ्याकडे बघून फोनकडे बोट दाखवलं तरी कोणी हसू नका. मला एक पूर्ण दिवस द्या, गुरुवारचा.

आणि शुक्रवारी तो माझ्या मांडीवर नाही बसला तर? तू बोलणार नाहीस, पण मनात तुझ्याही आहे. मग त्याला राकेशच्या मांडीवर दे. मनापासून लिहितो, रागाने नाही. राकेश मांडी देईल, मी डोकं धरीन. वस्तरा फिरताना डोकं धरणाराही लागतोच, आणि ते काम ओझरमध्ये माझ्याइतकं कोणाला जमत नाही. राकेशला आत्ताच सांगून ठेव, म्हणजे त्याला उगीच चोरट्यासारखं वाटायला नको.

योगेश मंगळवारी निघतोय, त्याच्या हातात हे पत्र देतोय. बुधवारी संध्याकाळी तो तुझ्याकडे येईल. त्याला चहा पाज आणि माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नकोस, अर्धा तू काढलायस, उरलेला मी आल्यावर काढ. बुधवारच्या रात्रीपासून रुद्रला मोजायला सांग. आठ झोपा. रात्रीच्या, अंथरुणातल्या, दुपारची धरायची नाही, खाटेवर डोळे मिटलेली तर अजिबात नाही. आठव्या झोपेतून उठला की मामा. या वेळी आकडा मी दोनदा तपासलाय, योगेशकडूनही तपासून घेतलाय.

कायमचा येतोय असं मात्र समजू नकोस. बारा दिवसांनी मस्कतला परत. पुढे कुठे जाईन, पायांना मुंग्या कधी येतील, मला माहीत नाही आणि मी वचन देणार नाही, मोडीन. एवढंच कबूल करतो की यापुढे तुला तास सांगणार नाही. विचारलंस की किती लांब आहेस, तर झोपा सांगीन, खऱ्या. जास्त असल्या तरी खऱ्या.

आणखी एक. या महिन्याला अण्णांच्या खात्यात काही पडणार नाही, सगळं तिकिटात गेलं. गोळ्यांचं दाजींना सांगितलंय, ते बघतील. लखनचा इसार तेवढा पत्रात ठेवलाय, त्याला माझ्या नावाने दे आणि सांग की मांडवात मामा हाय. निघताना तू माझ्या खिशात जे घातलं होतंस ते मी विमानात समुद्र बघून घाबरलो तेव्हा काढून बघितलं होतं. इथे ते कुठे चालत नाही, म्हणून खर्च झालं नाही. नोट तीच आहे, वरचं नाणंही तेच. नोटेवर तुझ्या हातचं कुंकू अजून आहे, लखनला म्हणावं पुसू नको.

फोन उचल आता.

तुझा, सध्या आठ झोपांवर असलेला,
नवनाथ

सोबत: एकशे एक रुपये.